चोवीस वर्षांचा आवाज



वसंत व्याख्यानमालेत रॅप हा विषय ठेवलात, याचा मला फार आनंद आहे. मी एका मुलाविषयी आणि त्याच्या गटाविषयी बोलणार आहे. मुलाचं नाव धर्मेश परमार. माईक हातात आला की तो 'एमसी तोड फोड'. २० मार्च २०२२ रोजी तो गेला, तेव्हा चोवीस वर्षांचा होता. त्याचा 'ट्रुथ अँड बास' हा संग्रह त्याच महिन्यात आला होता.

त्याचा गट 'स्वदेसी'. मुंबईत २०१३ च्या सुमारास तो उभा राहिला. एमसी मवाली मराठी-हिंदीत म्हणायचा, तोड फोड गुजरातीत. आपल्या अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, '१००आरबीएच' या नावानं, मराठी घेऊन त्यांच्यात आला. १९७३ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या घरगुती जलशातून हिपहॉप सुरू झालं असं मानतात. तिथली बोली उसनी न घेता या पोरांनी आपापल्या घरची बोली ठेक्यावर बसवली. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांनी त्यांना कर्नाटक संगीतातले तालाचे बोल शिकवले. रॅप म्हणजे नुसती बडबड, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे मुद्दाम ऐकावं. तालाचा हिशेब चुकला तर शब्द तिथंच पडतो. २०१९ च्या 'गली बॉय' चित्रपटातल्या 'इंडिया ९१' या गाण्यात तोड फोड आणि सौरभ दोघेही आहेत.

पण माझ्या मते या गटाचं सगळ्यात मोठं काम चित्रपटाबाहेरचं आहे. ते म्हणजे 'द वारली रिव्होल्ट'. मुंबईच्या आरे जंगलातल्या आदिवासींचं हे गाणं. यात आरेच्या पाड्यात राहणारे प्रकाश भोईर स्वतः गातात. शहरातल्या पोरांनी आदिवासींच्या वतीनं बोलणं सोपं होतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. ज्याचं जंगल, त्यालाच त्यांनी माईकपुढे उभं केलं. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी आरेत करवती चालू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, पण तोवर दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. गाण्यानं झाडं वाचली नाहीत, हे खरं. मात्र त्या पाड्यांत माणसं राहतात, हे गाणं ऐकलेल्या कुणालाही आता नाकारता येत नाही. १९४५ च्या वारली उठावाची गोष्ट गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये सांगितली आहे. हे गाणं मी त्याच वाटेवरचं मानतो.

मित्रहो, महाराष्ट्रात अशा आवाजांना दीर्घ आयुष्य क्वचितच मिळालं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लालबावटा कलापथक १९४४ साली निघालं आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं त्यावर बंदी घातली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर गावंच्या गावं जागी करायचे. १९४२ च्या आंदोलनात इंग्रजांनी त्यांना तुरुंगात टाकलं. ठेक्यावर बोललेलं लोकांच्या ध्यानात राहतं आणि म्हणूनच सत्तेला खुपतं. हातात खंजिरी आहे की संगणकावरचा बीट, यानं त्यात फरक पडत नाही.

विनोबा १९३२ साली वर्ध्याजवळच्या या नालवाडीत राहायला आले, ते दलित वस्तीत. लांबून उपदेश करण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. आरेच्या पाड्यात 'स्वदेसी'नं जे केलं, ते मला याच जातीचं वाटतं. म्हणून तोड फोडच्या कामाची मोजदाद मी वर्षांत करत नाही. त्याच्या गटानं कुणाला सोबत घेतलं, ते मी पाहतो.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. नालवाडीत, सेवाग्रामात, पवनारात मोबाईलवर वऱ्हाडीत ओळी जुळवणारी पोरं-पोरी आहेत. आपण त्यांना ओळखता, काही तर आपल्याच घरातली असतील. पुढच्या वर्षीच्या मालेत एक संध्याकाळ त्यांना द्या. वक्ता बोलावू नका, अध्यक्ष नको, हार-तुरे नकोत. माईक त्यांच्या हातात द्या आणि आपण समोर बसून ऐका.