१६ डिसेंबर : विजयाचा दिवस, आठवणीचा दिवस



आज १६ डिसेंबर. सकाळपासून पोरं विचारताहेत, "आज कसला सण?" आज सण नाही. आज विजय दिवस आहे. हा विजय कसला, तो कुणी मिळवला आणि आज आपण काय करायचं, हे मी थोडक्यात सांगणार आहे.

गोष्ट १९७१ सालची. त्या वेळी पाकिस्तानचे दोन भाग होते. एक पश्चिमेला, एक पूर्वेला. मधे आपला भारत. पूर्वेकडचे लोक बंगाली बोलणारे. निवडणूक झाली. पूर्वेकडच्या पक्षाला बहुमत मिळालं. पण राज्य काही त्यांच्या हाती दिलं नाही. उलट मार्च महिन्यात त्यांच्यावर फौज सोडली. घरंदारं जळाली. माणसं मारली गेली. जीव वाचवण्यासाठी सुमारे एक कोटी माणसं सरहद्द ओलांडून आपल्या देशात आली. एक कोटी म्हणजे किती? हजार वस्तीचं एक गाव धरा. अशी दहा हजार गावं उठून आली म्हणा ना!

३ डिसेंबरला संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले. युद्ध पेटलं. जमिनीवर, आकाशात आणि समुद्रात, तिन्ही ठिकाणी आपले जवान लढले. तेरा दिवसांत निकाल लागला. १६ डिसेंबरला ढाका शहराच्या मैदानावर पाकिस्तानचे जनरल नियाझी यांनी शरणपत्रावर सही केली. समोर आपले जनरल जगजितसिंग अरोरा होते. सुमारे ९३ हजार लोक आपले कैदी झाले. बांगलादेश नावाचा नवा देश उभा राहिला.

आता आपल्या मराठी पलटणीची एक गोष्ट ऐका. जमालपूर नावाचं एक गाव आहे. तिथे पाकिस्तानी फौज ठाण मांडून बसली होती. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण तिथे होती. तिला जंगी पलटण म्हणतात. जंगी पलटणीने मागच्या बाजूला जाऊन वाट अडवली. १० डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शत्रूच्या अधिकाऱ्याला चिठ्ठी धाडली. 'तुम्ही वेढले गेला आहात. उगाच माणसं मारू नका. हत्यारं खाली ठेवा,' असा तिचा मतलब. चिठ्ठी नेली एका माणसाने. काय ती छाती! गोळ्यांच्या तोंडी एक माणूस कागद घेऊन गेला.

उत्तर आलं. कागदात काय होतं? बंदुकीची गोळी! 'लेखणी ठेवा, बंदूक घेऊन या,' अशा अर्थाचा मजकूर होता. त्याच रात्री शत्रूने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला. अंधारात पुन्हा पुन्हा हल्ले आले. मराठे जागचे हलले नाहीत. सकाळी जमालपूर पडलं. ढाक्याची वाट मोकळी झाली.

पण मंडळी, विजय फुकट मिळत नाही. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपल्या माणसांना वाचवायची खटपट केली. स्वतः मात्र बोट सोडली नाही. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल रणगाडा घेऊन लढताना पडले. ते याच दिवशी, १६ डिसेंबरला गेले. वय अवघं एकवीस. म्हणजे सगळा देश पेढे वाटत होता, त्याच दिवशी एका घरातला दिवा विझला. या युद्धात आपले साडेतीन हजारांहून अधिक जवान गेले. तितक्या घरांत हा दिवस कसा उगवत असेल, याचा विचार करा.

म्हणून मी म्हणतो, हा दिवस नुसता ढोल वाजवायचा नाही. आठवण ठेवायचा आहे.

देशात ही आठवण कशी ठेवतात? दिल्लीला राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. ते २०१९ साली उघडलं. स्वातंत्र्यानंतर देशासाठी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावं तिथे दगडावर कोरली आहेत. विजयाला पन्नासावं वर्ष लागलं, तेव्हा २०२० च्या १६ डिसेंबरला तिथल्या ज्योतीवरून चार मशाली पेटवल्या. त्या चार दिशांना निघाल्या. परमवीरचक्र आणि महावीरचक्र मिळवणाऱ्या वीरांच्या गावी त्या गेल्या. त्या त्या गावची माती स्मारकासाठी दिल्लीला नेली. पाहा बरं! एवढ्या मोठ्या स्मारकाला काय हवं होतं? सोनं नाही, चांदी नाही. खेड्याची माती.

आपल्या सातारा जिल्ह्यात कराडला दरवर्षी विजय दिवसाचा मोठा समारंभ होतो. जवान कसरती करून दाखवतात. हजारो माणसं बघायला जमतात. पोरं रणगाड्याला हात लावून बघतात. बांगलादेशातही हा दिवस विजयाचा दिवस म्हणून पाळतात.

इथे एक गोष्ट ध्यानात धरा. विजय दिवस म्हणजे वैराचा दिवस नव्हे. ते ९३ हजार कैदी आपण पुढे त्यांच्या देशी परत पाठवले. त्यांच्याही घरी आया वाट बघत होत्या. लढताना लढावं, आणि हात जोडलेल्यावर हात उगारू नये. हीच आपली रीत.

आता आपल्या गावाचं बोलू. मशाल प्रत्येक गावात येत नाही. कराडसारखा समारंभ आपल्याला झेपत नाही. मग आपण काय करायचं? मी तीन कामं सांगतो.

पहिलं काम. १९७१ साली वीस वर्षांचा असलेला जवान आज सत्तरीच्या पुढे गेला आहे. दरवर्षी पुढच्या ओळीतली एखादी खुर्ची रिकामी होते. या माणसांना आपण हार घालतो, नारळ देतो आणि घरी पाठवतो. त्यांना बोलतं कोण करतं? फौजी माणूस आपणहून बोलत नाही. त्याच्याजवळ बसावं लागतं. तेव्हा वही घ्या. कुठल्या पलटणीत होता, कुठे लढला, बरोबर कोण होतं, कोण परत आलं नाही, सगळं विचारा आणि लिहा. अक्षर वाकडं आलं तरी चालेल. शुद्धलेखन चुकलं तरी चालेल. सांगणारा गेल्यावर मात्र कितीही सुंदर अक्षर असून उपयोग नाही.

दुसरं काम. कुणाच्या घरी वीरपत्नी असेल, वीरमाता असेल, म्हातारा फौजी असेल. पेन्शनचा कागद येतो. वाचता येत नाही म्हणून तो फळीवर धूळ खात पडतो. मुदत निघून जाते. आता तुम्ही वाचायला शिकलात. तो कागद वाचून दाखवा. अडलं तर जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्यासोबत जा. जवानाने देशासाठी रक्त दिलं. आपल्याला एक दिवसाची मजुरी सोडता येणार नाही का?

तिसरं काम. ७ डिसेंबरला ध्वजदिन असतो. १९४९ सालापासून तो पाळतात. छोटा झेंडा देऊन पैसे गोळा करतात. ते माजी सैनिकांच्या आणि पडलेल्या जवानांच्या घरांसाठी खर्च होतात. ऐपतीप्रमाणे द्या. थेंबे थेंबे तळे साचे.

मंडळी, आता माझं भाषण पुरे. आज खरं बोलायचं ते या पुढच्या ओळीने. रात्रीच्या वर्गाच्या मंडळींनी वह्या आणल्या आहेत. दोघादोघांनी एकेका फौजीबाबांजवळ बसावं. एकाने विचारावं, एकाने लिहावं. पुढच्या १६ डिसेंबरला याच मंडपात त्या वह्या मोठ्याने वाचून दाखवायच्या. त्या दिवशी आपल्या गावचं स्मारक उभं राहिलं म्हणून समजा.

जय जवान, जय किसान! जय हिंद!