डुकराच्या पिल्लाचं उष्टावण



काल इथं नाट्यसंगीत झालं, उद्या संतसाहित्य आहे आणि मधल्या दिवशी माझी डुकरं. संयोजकांच्या धाडसाला नमस्कार करतो आणि थेट खुराड्यात शिरतो.

आपल्याकडे उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसवून बाळाच्या जिभेला खीर लावतात. बोटभर खिरीनं पोट भरत नाही, हे मामालाही ठाऊक असतं. डुकराचं पिल्लू दूध पीत असतानाच त्याच्यापुढं जे पहिलं कोरडं खाद्य ठेवतात, त्याची गोष्ट बरीचशी अशीच आहे. वराहपालक मात्र ते तराजूत घालून बघतो. चार किलो टाकलं, वजन किती वाढलं? फारसं नाही. मग पुढच्या वेताला बंद!

आता पिल्लाच्या बाजूनं बघू. जन्मतः ते सव्वा-दीड किलोचं. डुकरिणीच्या रक्तातली प्रतिपिंडं वारेतून पिल्लापर्यंत जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात आणि आतड्याचं ते दार एक-दीड दिवसात मिटतं. (गाईचंही तसंच आहे. खरवस करण्याआधी वासराचा वाटा काढत जा, एवढं जाता जाता.) दोन-चार दिवसांत प्रत्येक पिल्लाचा सड ठरून जातो. दर तासाभरानं आई घुमल्यासारखा आवाज काढते, सगळी आपापल्या जागी लागतात, आणि दूध वाहतं जेमतेम वीस सेकंद. खाणं म्हणजे काय, याची पिल्लाची समजूत एवढीच : आई बोलावते, आणि तोंडात कोमट, पातळ, गोड काहीतरी येतं.

रानात ही सवय तीन-चार महिन्यांत हळूहळू सुटते. युरोपीय संघाच्या नियमानं दूध तोडायचं वय किमान २८ दिवस, स्वतंत्र स्वच्छ जागा असेल तर २१. एका सकाळी आई नाही, जागा नवी, शेजारी परकी पिल्लं आणि समोर कोरडा भरडा. बोलावणारं कुणी नाही. नेदरलँडमध्ये संशोधकांनी कोणतं पिल्लू कधी खातं याची संगणकावर नोंद ठेवली. पहिल्या चोवीस तासांत साधारण निम्म्याच पिल्लांनी तोंड लावलं होतं. दहातलं एखादं दोन दिवसांनंतरही उपाशी होतं.

या उपासानं आतड्याचं काय होतं? लहान आतड्याचं अस्तर टर्किश टॉवेलसारखं असतं. त्याचे उभे धागे अन्नरस टिपतात. हे धागे जगतात ते बरेचसे समोरून जाणाऱ्या अन्नावर. अन्न थांबलं की पाचेक दिवसांत त्यांची उंची जवळजवळ निम्म्यावर येते. झिजलेल्या टॉवेलनं अंग पुसलं जात नाही, तसं या आतड्याला काही टिपता येत नाही. त्यात दुधातली साखर पचवण्यात ते पटाईत. पिठूळ पदार्थांचे पाचकरस अजून पुरते तयार नाहीत, जठरातलं आम्लही कमी. अशात तिसऱ्या दिवशी भुकेजलेलं पिल्लू एकदम बकाबका खातं. न पचलेलं अन्न पुढं सरकतं, त्यावर ई-कोलाय जंतू माजतात, आणि हगवण लागते.

या हगवणीवर जगानं काय केलं, ते सांगण्यासारखं आहे. खाद्यातच थोडं थोडं प्रतिजैविक मिसळलं. स्वीडननं १९८६ मध्ये वाढीसाठीची प्रतिजैविकं बंद केली. डेन्मार्कनं १९९९ अखेर लहान पिल्लांनाही ती देणं थांबवलं. दोन्हीकडे दूध तोडल्यानंतरची हगवण वाढली. मग आधार झाला झिंक ऑक्साइडचा : टनाला अडीच किलो जस्त. हगवण थांबायची, पण बरंचसं जस्त शेणातून शेतात उतरायचं. २०२२ च्या जूनमध्ये युरोपीय संघानं हा डोसही बंद केला. माझं मत विचाराल तर, उपाशी राहिलेल्या त्या दोन दिवसांवर सगळ्यांनी मिळून घातलेलं ते पांघरूण होतं. ते निघालं, आणि नजर पुन्हा पहिल्या घासाकडे वळली.

या खाद्याला इंग्रजीत क्रीप फीड म्हणतात. पिल्लं सरपटून आत जातील पण आई जाऊ शकणार नाही, अशा फटीपलीकडे ते ठेवायचं, म्हणून हे नाव. कोणी खाल्लं हे कळावं म्हणून संशोधकांनी त्यात क्रोमिक ऑक्साइड मिसळलं आणि ज्यांची विष्ठा हिरवी, ती खाणारी धरली. एकाच आईच्या पिल्लांत काही रोज हिरवी, काही एकदाही नाही! आणि दूध तोडल्यावर खाद्याला लवकर तोंड लावलं ते याच हिरव्यांनी. सरासरी काढणाऱ्या तराजूला हे कुठून दिसणार?

आपल्याकडचा हिशेब थोडा वेगळा. इथं बरेच जण सहा ते आठ आठवडे दूध चालू ठेवतात. डुकरिणीचं दूध तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शिगेला पोचतं, पिल्लांची भूक मात्र वाढतच राहते. म्हणजे पुढच्या दिवसांत इथं हा घास शिकवणीपुरता राहत नाही, तो जेवणच होतो. तो मिळाला नाही तर पिल्लं आईच्या गव्हाणीत तोंड घालतात, आणि तिथं असतं हॉटेलचं आंबलेलं खरकटं.

करायचं फार नाही. आठव्या-दहाव्या दिवसापासून भरडलेला, शक्य तर शिजवलेला मका, साय काढलेल्या दुधाची पावडर, थोडी मासळीची कुटी. सोयापेंड सुरुवातीला बेतानं, कारण तिच्यातली काही प्रथिनं कोवळ्या आतड्याला सोसत नाहीत. पसरट थाळी घ्या, म्हणजे चारजण एकदम तोंड घालतील. एक खातं म्हणून दुसरं खातं. एका वेळी मूठभरच, पण दिवसातून चार वेळा ताजं. उरलेलं आईला घाला. आणि शेजारी पिल्लांच्या उंचीवर स्वच्छ पाणी ठेवा. दूध पितात, त्यांना पाणी कशाला, असं मला अजूनही विचारतात.

पहिले काही दिवस पिल्लं ते खाणार नाहीत. नाकानं उधळतील, त्यात लोळतील, कुणी थाळीतच मुतेल. थाळी धुवायची आणि पुन्हा मूठभर घालायचं.