मुदत संपलेली औषधे आणि आपले खोके
(वर्षावासानिमित्त विहारात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्षावासात दर रविवारी घरोघरी उपयोगी पडेल असा एक विषय घ्यायचा, असे आपले ठरले आहे. आजचा विषय आम्ही शोधला नाही. तो एका खोक्यातून निघाला.

तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करीत इंदापूरला जाते. वाटेवर आपण वारकऱ्यांसाठी पाणी, तापाच्या गोळ्या, पायाला लावायची मलमे ठेवतो. उरलेला माल पत्र्याच्या खोलीत ठेवला जातो. यंदा खोके उघडले, तर निम्म्या पट्ट्यांची मुदत मार्चमध्येच संपलेली. मलमाची एक ट्यूब दाबली तर आधी पिवळे तेल आले, मागून मलम. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाला, "गोळी म्हणजे काय दूध आहे नासायला?" दुसरा म्हणाला, "सगळे फेकून द्या." आणि खरे सांगायचे तर मागल्या वर्षी आम्ही तारखा न पाहताच गोळ्या वाटल्या होत्या. कुणाला त्रास झाल्याचे कानावर आले नाही. पण पालखी पुढे निघून जाते, येणार कसे?

म्हणून आम्ही डॉक्टरांना, औषध दुकानदारांना विचारले, थोडे वाचले.

पट्टीवरची तारीख म्हणजे औषध विष होण्याचा दिवस नव्हे. सांगितलेल्या पद्धतीने ठेवले, तर त्या दिवसापर्यंत औषधाची ताकद पुरेशी राहील, ही बनवणाऱ्याची हमी. महिना आणि वर्ष एवढेच छापले असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत धरतात. त्यानंतर ते औषध दुकानदाराला विकता येत नाही, असा आपल्याकडचा कायदा आहे.

मग पुढे काय होते? अमेरिकेत सैन्याच्या साठ्यातील औषधे १९८६ पासून तपासली गेली. १२२ औषधांच्या ३००५ बॅचचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ८८ टक्के बॅच मुदतीनंतर किमान वर्षभर, आणि सरासरी ६६ महिने चांगल्या राहिल्या. आमच्या पहिल्या मित्राला हे ऐकून मोठा आनंद झाला! पण ती औषधे मूळ बंद वेष्टनात, थंड व कोरड्या गोदामात होती. आपली पत्र्याखाली होती. वेष्टनावर 'तीस अंशांखाली ठेवा' असे लिहिलेले असते, आणि इंदापूरचा मे महिना चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या आतले विचारूच नका. म्हणजे ज्या पट्ट्यांची तारीख अजून शिल्लक आहे, त्यांचीही हमी आपण आपल्या हाताने मोडली होती. मोरीजवळच्या फळीवर, चुलीवरच्या कोनाड्यात औषधे ठेवणाऱ्या मायमाऊल्यांनी हे ध्यानात घ्यावे. ॲस्पिरिनची बाटली उघडल्यावर आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर ती गोळी ओलीने मोडू लागली असे समजावे.

कोरडी गोळी त्यातल्या त्यात टिकाऊ. पाणी आले की गणित बदलते. मुलांच्या प्रतिजैविकाच्या पुडीत पाणी घातले, की बहुधा सातच दिवस. बाटलीवरची तारीख दोन वर्षांपुढची असली तरी. क्षार-संजीवनीचे पाणी चोवीस तास. डोळ्यांचे थेंब उघडल्यापासून महिनाभर. तेल सुटलेले, वास बदललेले मलम उघड्या जखमेला, भाजलेल्या कातडीला लावू नये. त्यात जंतू शिरलेले असू शकतात. एकाच ट्यूबचे तोंड घरातल्या पाच जणांच्या जखमांना लागते, हेही आपण पाहतो.

डोके दुखताना जुनी गोळी कमी पडली, तर डोके थोडे जास्त वेळ दुखेल. पण इन्शुलिन, जिभेखाली ठेवायची हृदयाची गोळी, दम्याचा पंप, फिटची गोळी कमी पडली तर जीव जाईल. प्रतिजैविक कमी ताकदीचे झाले, तर जंतू मरत नाहीत. जुन्या टेट्रासायक्लिनने मूत्रपिंडांना इजा झाल्याची नोंद १९६३ साली झाली होती. तेव्हा अशा औषधांत काटकसर नको.

आता वाटण्याचा प्रश्न. स्वतःच्या घरात स्वतःच्या जबाबदारीवर कोणी एखादी जुनी गोळी घेतली, ते वेगळे. आपण दुसऱ्याच्या हातावर ठेवतो तेव्हा तो आपल्यावर विश्वासून गिळतो, तारीख विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम केले. दिलेल्या औषधाची मुदत पोहोचल्यावर किमान एक वर्ष शिल्लक असावी, असे त्यात आहे. गंमत म्हणजे साठ्याचा प्रश्न विनयपिटकातही येतो. तूप, लोणी, तेल, मध आणि फाणित, म्हणजे आपली काकवी किंवा गूळ, ही भिक्खूंची पाच औषधे. पिलिंदवच्छ थेरांच्या परिवाराने ती मडक्या-पिशव्यांत साठवली, ती झिरपली, विहारात उंदीर झाले, लोक नावे ठेवू लागले. तेव्हापासून सात दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत असा नियम झाला. आमच्या खोक्यातही उंदराच्या लेंड्या होत्याच.

दुकानात दोनच गोळ्या घेताना तारखेचे टोक आपल्या हाती येईल असे पाहावे, नाहीतर चिठ्ठीवर तारीख लिहून घ्यावी. टाकायची औषधे नीरा डाव्या कालव्यात, विहिरीत टाकू नयेत, उघड्यावर जाळू नयेत. गोळ्या पट्टीतून काढून ओल्या चहापत्तीत कालवाव्यात, पिशवीत बांधून कचऱ्यात द्याव्यात. तीव्र वेदनाशामक आणि गुंगीच्या १७ औषधांसाठी मात्र केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली वेगळी यादी दिली आहे. ती घरात कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून शौचालयात वाहून टाकायची. आपल्याकडे तसे काही आहे का, हे दुकानदाराला विचारावे.

खोके रिकामे झाले आहे. पुढच्या वारीला लागेल तेवढेच आणायचे आणि उरलेले लगेच दुकानात परत करायचे, असे दुकानदाराशी बोलून ठरवले आहे. पुढच्या रविवारी येताना घरातली औषधांची पिशवी सोबत आणा. तारखा इंग्रजीत आणि फार बारीक असतात, तेव्हा चष्मा किंवा शाळेत जाणारे नातवंडही आणा.