वाडीची शिरगणती आणि वाडीचा हक्क
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



डोंगरातल्या लहान वाडीची मागणी घेऊन कार्यकर्ता कचेरीत गेला, की त्याला एक ठरलेले उत्तर मिळते : ‘निकषात बसत नाही.’ रस्ता मागितला तर लोकसंख्या पुरेशी नसते, उपकेंद्र मागितले तरी तेच, आणि असलेली शाळा टिकवा म्हटले तर पट कमी असतो. वाडीचे लहानपण ही जणू निसर्गाची करणी आहे आणि शासनाने फक्त डोकी मोजून निकाल द्यावयाचा आहे, असे या उत्तरामागचे गृहीत आहे. ते गृहीतच तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात सह्याद्रीच्या उतारावर वसलेली एखादी वाडी डोळ्यांसमोर आणावी. महसुली गाव एक असते, पण त्याच्या वाड्या टेकड्याटेकड्यांवर विखुरलेल्या असतात. वाडीत वीस-पंचवीस उंबरे, त्यांतील निम्म्या दारांना कुलूप. उघड्या घरांत म्हातारा-म्हातारी, एखादी विधवा, एखादी सून आणि तिची लहान मुले. कर्ता पुरुष मुंबईत किंवा विरार-पनवेलच्या बाजूला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, पण जांभ्या दगडातून आणि तीव्र उतारावरून ते पाणी निघून जाते. एप्रिल उजाडला की विहीर तळ गाठते आणि बायकांच्या डोक्यावरचा हंडा लांबलांबच्या झऱ्यांची वाट धरतो. पावसाळ्यात साकव वाहून गेला तर वाडीचा संपर्क तुटतो. आजाऱ्याला चादरीच्या डोलीत घालून खाली न्यावयाचे, तर डोलीला खांदा देणारे चार तरुण वाडीत नसतात. भाताचे मळे पडीक पडत चालले आहेत, कारण लावणीला हात नाहीत आणि उभे पीक वानर आणि रानडुकरे राखू देत नाहीत. सातबाऱ्यावर तीस-तीस, चाळीस-चाळीस नावे सामाईक, त्यांतली कित्येक मृतांची. जी बाई प्रत्यक्ष जमीन कसते, तिचे नाव मात्र त्यांत क्वचितच सापडते.

हे चित्र एखाद्या वाडीपुरते नाही, हे शिरगणतीचे आकडेच सांगतात. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ वर आली. दहा वर्षांत सुमारे ८२ हजार माणसे कमी झाली. सिंधुदुर्गातही सुमारे १९ हजारांची घट झाली. याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली. २०११ च्या गणनेत रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा ९२९ होता. हा आकडा पाहून कोकणातील स्त्रीच्या सन्मानाचे गोडवे गाणारे भेटतात. त्यांनी त्याच गणनेतील सहा वर्षांखालील मुलामुलींचे प्रमाण पाहावे. तेथे मुलींची संख्या हजाराच्या खालीच आहे. म्हणजे स्त्रियांची ही बहुसंख्या जन्माने आलेली नाही. पुरुष पोटासाठी बाहेर गेले, म्हणून ती दिसते.

हे पुरुष बाहेर का गेले, याचे उत्तर जमिनीच्या आणि मजुरीच्या इतिहासात आहे. खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाच्या हाती पीक उरत नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर नेला. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या अधिनियमाने. १९४८ च्या कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याचा मालकी हक्क मान्य झाला. परंतु हाती आलेला वरकस तुकडा कुटुंबाला वर्षभर पोसू शकत नव्हता. तोवर मुंबईच्या गिरण्यांची वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली होती.

या व्यवस्थेत गिरणीमालकांचा मोठा फायदा होता. कामगाराला एकट्याच्या पोटापुरते वेतन दिले तरी भागत असे, कारण त्याची बायको-मुले वाडीतल्या नाचणीवर आणि भातावर जगत होती. मुंबईच्या गाळ्यात दाटीवाटीने झोपणारा हा माणूस लहानाचा मोठा झाला तो वाडीच्या खर्चाने. आजारी पडला, म्हातारा झाला, की त्याला सांभाळले तेही वाडीनेच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप पुकारला. तो मोडून पडल्यावर अनेकांना गावाकडेच परतावे लागले आणि त्यांना पोसण्याचा भार पुन्हा वाडीनेच उचलला. मनिऑर्डरचा फॉर्म सर्वांनी पाहिला. पण वाडीने मुंबईला किती दिले, याची पावती मात्र कोणी फाडली नाही.

आता निकषांकडे वळू या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली. तिचा मूळ निकष मैदानी भागात पाचशे वस्तीचा, तर डोंगरी राज्ये, आदिवासी क्षेत्र आणि वाळवंटी प्रदेश यांसाठी अडीचशेचा. सह्याद्री कितीही उंच असला तरी डोंगरी राज्यांच्या त्या यादीत महाराष्ट्र नाही. आरोग्य उपकेंद्राचा निकष पाच हजारांचा, डोंगरी आणि आदिवासी भागात तीन हजारांचा. डोंगरउतारावरच्या विखुरलेल्या वाड्यांची बेरीज तीन हजार होईपर्यंत किती ओढे आणि किती खिंडी ओलांडाव्या लागतात, याचा हिशेब त्या आकड्यात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे सांगितले. तरीही डिसेंबर २०१७ मध्ये राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. पुढे वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांकडेही शासनाची नजर वळली.

येथे दुष्टचक्र पुरे होते. शाळा बंद झाली की लहान मुलांची आई मुंबईची वाट धरते. ती गेली की वाडीचा आकडा आणखी घसरतो, आणि घसरलेला आकडा पुढच्या नकाराचे कारण बनतो. म्हणजे वाडी लहान आहे म्हणून सोयी नाहीत, हे अर्धेच सत्य होय. सोयी नाहीत म्हणून वाडी लहान होते, हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे.

दहा घरांसाठी रस्ता शासनाला परवडेल काय, असा प्रश्न विचारला जाईल. तो टाळण्याचे कारण नाही. प्रत्येक वाडीवर दवाखाना बांधा, असे कोणी म्हणत नाही. परंतु नागरिकाचा हक्क शेजाऱ्यांच्या संख्येवर अवलंबून ठेवता येणार नाही. उपचार किती वेळात मिळतात, पाणी किती अंतरावर आहे आणि सहा वर्षांच्या मुलाला किती चालावे लागते, हे निकष झाले पाहिजेत. २०२० च्या टाळेबंदीत शहराने ज्यांचे काम काढून घेतले, ते चाकरमानी हजारोंनी कोकणात परतले. कुलपे उघडली, आणि ठिकठिकाणी गावच्या शाळांतच त्यांच्या विलगीकरणाची सोय झाली. पटाअभावी खर्चिक ठरवल्या जाणाऱ्या शाळांची किंमत त्या दिवसांत कळली.

चळवळीने स्वतःकडेही पाहावयास हवे. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधू दंडवते यांनी लोकसभेत राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केले. कोकण रेल्वेसाठी दंडवत्यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि १९९८ मध्ये ती पूर्ण मार्गावर धावू लागली. तथापि स्थानकापासून वाडीपर्यंतची पायवाट हा निवडणुकीचा विषय क्वचितच झाला, कारण तेथे मते थोडी. कचेरी जसे मोजते, तसेच पक्षही मोजू लागले. शिवाय वाडी म्हणजे समतेचे माहेरघर, असाही भाबडा समज नको. पाण्यापासून आणि रस्त्यापासून सर्वांत दूर कोण राहतो, हे पाहिले की बौद्धवाडी आणि धनगरवाडा यांची नावे आधी येतात. तरुणांनी वाडीतच राहावे, असा उपदेशही कोणी करू नये. ज्याला जावयाचे त्याने जावे; परंतु ज्याला राहावयाचे त्याला राहता आले पाहिजे.

२०२१ मध्ये व्हावयाची जनगणना झाली नाही. आता तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे. गणना फेब्रुवारीत होईल, शिमग्याला घरे उघडण्यापूर्वी. चाकरमान्यांची नोंद मुंबईत होईल आणि ते योग्यच आहे. पण वाडीचा आकडा पुन्हा घसरला, तर त्याचा अर्थ कोण लावणार? कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात वाडीवार वही घालावी. उघडी घरे किती, बंद किती, साठ वर्षांवरील माणसे किती, मे महिन्यात पाणी कोठून येते, डॉक्टर किती तासांवर आहे, सहा ते चौदा वयाची मुले किती आणि त्यांची शाळा किती दूर, कसणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, हे सारे त्या वहीत उतरावे. ती ग्रामसभेत वाचावी, तिच्यावर ठराव घ्यावा आणि मग तहसील कचेरीत जावे.

त्या वहीची सुरुवात मतदारयादीत सर्वांत शेवटी येणाऱ्या वाडीपासून करावी. ‘निकषात बसत नाही’ हे उत्तर तेथे आजवर सर्वाधिक वेळा ऐकले गेले आहे. ते उलटवण्याचे कामही तेथूनच सुरू झाले पाहिजे.