यंत्राला सांगितलेले कोणी तपासावे?

(पोखर्णी येथे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



धम्माच्या व्यासपीठावर यंत्राचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपली मुले-मुली आता पुण्या-मुंबईत संगणकावर काम करतात, म्हणून मुद्दाम हा विषय घेतला.

१४ सप्टेंबर १९९३ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे लुफ्तान्साचे विमान उतरले. धावपट्टी ओली, मागून वारा, वेगही जास्त. थांबण्यासाठी इंजिनांचा उलटा जोर हवा होता, पण यंत्रणेने तो लगेच लावू दिला नाही. आकाशात असताना चुकूनही तो लागू नये म्हणून नियमच तसा लिहिला होता : दोन्ही बाजूंच्या चाकांवर भार आला, तरच विमान जमिनीवर आहे असे समजावे. विमान एका बाजूवर टेकले. दुसऱ्या बाजूवर भार यायला सुमारे नऊ सेकंद गेले. पुढे ते मातीच्या बंधाऱ्यावर आदळले. दोन माणसे गेली. संगणक बिघडलेला नव्हता, त्याने लिहिलेले तंतोतंत पाळले! बेरीज जुळली म्हणजे नोंद योग्य खात्यात पडली असे नव्हे, हे आम्हा बँकवाल्यांना चांगले ठाऊक आहे.

याच दुखण्यावर पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाईन सेंटरमध्ये काम झाले. आर. व्यंकटेश, उल्का श्रोत्री व सहकाऱ्यांनी २०१४ साली यंत्रणेचे नियम लांबलचक गद्याऐवजी तक्त्यात लिहिण्याची पद्धत मांडली. एका ओळीत एक नियम : अमुक घडले, तर तमुक करावे. मग त्या तक्त्यावरून चाचण्या संगणकच तयार करतो.

पण जी ओळ कोणी लिहिलीच नाही, ती तक्ता कुठून दाखवणार? रेल्वेचे फाटक घ्या. फाटक बंद होऊन कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळू नये, हा नियम चोख आहे. परंतु उसाची ट्रॉली रुळावरच अडकली आणि दोन्हीकडची फाटके बंद झाली तर? हे कागदावर सुचत नाही. हे गेटमनला विचारावे लागते, ट्रॅक्टरवाल्यालाही विचारावे लागते. त्यांना विचारायला कमीपणा कसला?

राज्यघटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आठ महिने लोकांसमोर राहिला. त्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांपैकी २,४७३ सभागृहात मांडल्या गेल्या. हे आकडे खुद्द बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले होते.