ताटाचा हिशेब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपण बायका किराणाचा, दुधाचा, भिशीचा हिशेब पैशापर्यंत ठेवतो. पण घरातल्या कोणाच्या ताटात काय पडले आणि त्यातून शरीराला काय मिळाले, हा हिशेब आपण ठेवत नाही. मीही ठेवला नव्हता. तो कसा ठेवायला लागले, तेवढेच आज सांगणार आहे.

गेल्या वर्षी माझी सून पाच महिन्यांची गरोदर असताना तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. गरोदरपणी ते ११ च्या खाली असू नये. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. बाईंपुढे संगणक होता. त्यांनी विचारले, "काल दिवसभरात काय काय खाल्ले?" सुनेने तोंड उघडण्याआधीच मी बोलून गेले, "तीन भाकरी, डाळ, भाजी, दूध. आमच्याकडे खाण्यापिण्याला काही कमी नाही." बाईंनी ते टिपले आणि यंत्राने क्षणात आकडे मांडले. ते बरे दिसत होते.

पण बाई अनुभवी होत्या. त्यांनी तीन मापांच्या वाट्या पुढे मांडल्या आणि सुनेला म्हणाल्या, "तू सांग गं. डाळ यातल्या कोणत्या वाटीने? घट्ट, की वरचे पाणी?" सून मान खाली घालून म्हणाली, "सगळ्यांची जेवणे झाली की उरेल ते. बहुधा रस्साच असतो. भाकरी दोन. दूध नसते."

भगिनींनो, तेव्हा मला कुठे तोंड लपवू असे झाले. तिला उपाशी ठेवावे असे माझ्या मनात कधी आले नव्हते. पण मी सून होते तेव्हा शेवटी जेवले, म्हणून तीही शेवटी जेवत होती, आणि त्यात काही वावगे आहे हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

बाईंनी आकडे नव्याने भरले. दोन भाकऱ्यांचे पीठ दीडशे ग्रॅम धरले, तर त्यातून लोह मिळते सुमारे ६ मिलिग्रॅम. गरोदर बाईला दिवसाला २७ मिलिग्रॅम लागते. रश्श्याच्या पाण्याने ती तूट कशी भरून निघावी?

मी विचारले, "या यंत्राला हे कळते कसे?" बाई म्हणाल्या, "यंत्राला काही कळत नाही. त्याच्या पोटात एक कोष्टक आहे." ते कोष्टक हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला एका लहानशा प्रयोगशाळेत सुरू झाली आणि १९५८ साली हैदराबादला आली. भारतीय अन्नाचे पहिले मोठे कोष्टक कुन्नूरच्या आक्रॉइड साहेबांनी १९३७ साली छापले. १९७१ साली डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पुस्तक आले. २०१७ साली देशाचे सहा विभाग पाडून, ठिकठिकाणचे नमुने आणून, ५२८ पदार्थ नव्याने तपासले गेले. त्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत आपल्या कमलाबाई सोहोनी यांनीही काम केले. मुलगी म्हणून त्यांना बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत आधी प्रवेश नाकारला होता. पुढे १९३९ साली त्याच केंब्रिजच्या डॉक्टर झाल्या, आणि मुंबईस त्यांनी डाळी व नीरा यांतील सत्त्वांचा शोध घेतला.

कोष्टकात पदार्थ बहुतेक कच्चे असतात, आणि आकडे शंभर ग्रॅमचे. म्हणून भाकरी न तोलता पीठ तोलायचे. भाकरीत पाणी असते. बाकीचे गणित शाळेतल्या त्रैराशिकाचे. शंभर ग्रॅम ज्वारीत लोह सुमारे ४ मिलिग्रॅम, बाजरीत साडेसहाच्या जवळ, आणि सडलेल्या पांढऱ्या तांदळात एकही नाही. आमच्या घरात भाताचे प्रस्थ वाढत चालले होते, त्याचा अर्थ मला तेव्हा उमगला.

मी थोडी हट्टाने म्हणाले, "आमची वेळ अमावस्येची भज्जी तुमच्या यंत्रात नसणार." बाई हसल्या. "नाहीच. तुम्ही सांगा, आपण घालू." मग तुरीचे दाणे, वाटाणा, हरभरा, पालेभाजी, बेसन, शेंगदाणे, तेल असे एकेक वजन मी सांगत गेले. त्या सगळ्यांची बेरीज करून किती वाट्या झाल्या त्याने भागले, की एका वाटीचा हिशेब निघतो. येरमाळ्याची भज्जी त्या दिवशी संगणकात शिरली याचा मला आनंद झाला, हे कबूल करते.

बाईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. ताटातले सगळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळले तर ते जास्त लागते. जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा घेतला तर कमी. आणि तूट मोठी असेल तेव्हा नुसत्या अन्नावर विसंबून गोळ्या सोडू नयेत.

घरी आल्यावर मी एकच नियम केला. सुनेचे ताट पहिल्या पंगतीला, आणि डाळ वाढताना पळी तळातून. आठवड्यातून तीन दिवस बाजरी, पालेभाजीवर लिंबू. पहिले चार दिवस तिला संकोच वाटला. "आत्याबाई, तुम्ही आधी बसा," म्हणे. मग आम्ही दोघी बरोबरच बसू लागलो. बाळंतपणाआधी तिचे हिमोग्लोबिन १०.६ झाले. नात पावणेतीन किलोची झाली. गोळ्यांचा वाटा मोठा, हे खरे. पण त्या गोळ्यांच्या जोडीला ताटही होते.

२०१९ ते २१ या काळात झालेल्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या दर शंभर बायकांत ५४ जणी रक्ताने कमी निघाल्या. म्हणजे आज या मांडवात बसलेल्यांपैकी निम्म्या. संगणक कितीही हुशार असो, त्याला सांगावे तेच तो मोजतो. आपण खोटे सांगितले तर तो खोट्याचीच बिनचूक बेरीज करतो. मी ते करून बसले होते.

म्हणून आईसाहेब येडेश्वरीच्या गावातल्या माझ्या बहिणींना एवढीच विनंती आहे. आज घरी गेल्यावर सगळ्यांना वाढून झाले की पातेल्यात डोकावून पाहा, आणि तुमच्या सुनेच्या, लेकीच्या व तुमच्या स्वतःच्या वाट्याला काय उरले आहे ते खरे खरे मोजा.