डोंगराचे नाव बदनाम कसे झाले?

‘बाल्कनीकरण’ हा शब्द आपण अग्रलेखांतून कितीदा तरी वाचला असेल. एखाद्या देशाचे तुकडे पडण्याची भीती वाटली, की तो हमखास येतो. पण बाल्कन म्हणजे मुळात काय?

हा तुर्की शब्द. अर्थ अगदी साधा : झाडीने भरलेला डोंगर. बल्गेरियातून काळ्या समुद्राकडे गेलेल्या, सुमारे साडेपाचशे किलोमीटर लांबीच्या रांगेला उस्मानी तुर्क बाल्कन म्हणत. तुर्कीत ‘बाल’ म्हणजे मध, ‘कान’ म्हणजे रक्त. म्हणून ही मधाची आणि रक्ताची भूमी, अशीही व्युत्पत्ती लोक सांगतात. कवी म्हणून मला तिचा मोह पडतो, पण ती खरी नव्हे.

१८०८ साली ऑगस्ट त्सॉयने या जर्मन भूगोलतज्ज्ञाने सबंध द्वीपकल्पालाच या डोंगराचे नाव दिले. ही रांग थेट एड्रियाटिक समुद्रापर्यंत पोचते, अशी त्याची समजूत होती. ती तशी पोचत नाही. चूक पुढे उघड झाली, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. तुर्क स्वतः त्या मुलखाला ‘रुमेली’, म्हणजे रूमचा मुलूख म्हणत. रूम म्हणजे पूर्वेचे रोमन राज्य. हा शब्द आपल्याला परका नाही. विजापूरची मुलूखमैदान तोफ १५४९ साली त्या वेळच्या अहमदनगरात ओतली गेली, तिच्या कारागिराचे नाव मुहम्मद बिन हुसेन रूमी!

पहिल्या महायुद्धानंतर या नावाला ‘करण’ जोडले गेले आणि त्याची शिवी झाली. माझी तक्रार इथे आहे. १८७८ साली बर्लिनमध्ये बसून बड्या सत्तांनी बल्गेरियाचे तुकडे केले. नाव खराब झाले ते मात्र तुकडे झालेल्यांचे. तिथल्या लोकांचे हात स्वच्छ होते, असे मी म्हणणार नाही. १९९५ चे स्रेब्रेनित्सा कोण विसरेल?

क्रोएशिया २०१३ साली युरोपीय संघात गेला आणि संघाच्या भाषेतल्या ‘पश्चिम बाल्कन’मधून वगळला गेला. डोंगर जागचा हलला नव्हता!

बल्गेरियात या डोंगराला ‘स्तारा प्लानिना’, म्हणजे जुना डोंगर असेही म्हणतात. तुर्कांविरुद्ध उठलेले बंडखोर त्याच्याच झाडीत आसरा घेत. तिथले राष्ट्रगीत सुरू होते तेच या डोंगरापासून.